परवलीचा शब्द आणि त्याचे वारस

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यालगत ओर्स्टा नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. इव्हार ओसेन हा भाषापंडित १८१३ साली येथेच एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. चार शतके डेन्मार्कशी जखडल्यामुळे नॉर्वेची लेखनभाषा डॅनिश झाली होती. लोकांच्या तोंडी मात्र खोऱ्याखोऱ्यांतून निरनिराळ्या बोली नांदत होत्या. ओसेन १८४२ पासून १८४६ पर्यंत देशभर हिंडला, ह्या बोली त्याने टिपून घेतल्या, १८४८ साली त्यांचे व्याकरण व १८५० साली कोश प्रसिद्ध केला, आणि त्यांतून एक नवी लेखनभाषा उभी केली. १८८५ साली नॉर्वेच्या विधिमंडळाने तिला जुन्या भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. अशा पुरुषाच्या जन्मस्थानी २००० साली त्याच्या नावाचे एक केंद्र उघडण्यात आले. ओसेनची पत्रे व रोजनिशा संपादित करणारे प्राध्यापक रेइदार यूपेदाल १९८९ साली निवर्तले होते. त्यांनी जन्मभर जमविलेला सुमारे १४,००० ग्रंथांचा व कागदांचा संग्रह ह्या केंद्राकडे आला.

संग्रहाबरोबर त्याची सूचीही होती. सुमारे ११,००० नोंदींची ही सूची संगणकावर, डीबेस ह्या त्या काळी प्रचलित असलेल्या प्रणालीत तयार केलेली होती, आणि तिला परवलीच्या शब्दाचे कुलूप होते. सूची करणारी व्यक्ती हयात नव्हती. शब्द कोठे लिहून ठेवलेला नव्हता. ग्रंथ फडताळांत डोळ्यांसमोर उभे होते, परंतु त्यांत काय आहे हे सांगणारा कागद बंद होता. ज्यांनी एखाद्या जुन्या दप्तरखान्यात काम केले आहे त्यांस ह्या स्थितीचे गांभीर्य सांगणे न लगे. सूचीवाचून दप्तर म्हणजे नुसती रद्दी, आणि नवी सूची करावयाची तर कित्येक वर्षांचे काम. अखेर जून २००२ मध्ये केंद्राच्या संचालकांनी जगास जाहीर आवाहन केले की, ज्यास साधेल त्याने हे कुलूप उघडून द्यावे.

देशोदेशींहून उत्तरे आली. एका स्वीडिश तरुणाने काही तासांतच तो शब्द शोधून काढला. रोमन लिपीत यूपेदाल ह्या आडनावाची आठ अक्षरे होतात. तीच आठ अक्षरे शेवटाकडून आरंभाकडे लिहिली होती, एवढेच ते रहस्य!

ही हकीगत सांगणारे बहुधा हसून थांबतात. मला मात्र तीत एक जुना नियम दिसतो. हे कुलूप उघडले ते दोन कारणांनी: कुलूप त्या काळाच्या मानाने साधे होते, आणि लावणारा माणूस होता. माणूस किल्ली निवडताना फार दूर जात नाही. आपल्या नावाच्या, आपल्या घराच्या आसपासच हात घालतो. किल्ली हरवल्यावर इतिहासकारांनी आजवर जी दारे उघडली, ती बहुतेक ह्याच सवयीच्या फटीतून उघडली आहेत. त्याचे थोरले उदाहरण तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या राजदप्तरात आहे.

१६२६ साली दक्षिण फ्रान्समधील रेआलमाँ ह्या बंडखोर प्रॉटेस्टंट गावास राजसैन्याने वेढा घातला होता. गावातून बाहेर निसटू पाहणाऱ्या एका माणसाजवळ सांकेतिक पत्र सापडले. छावणीतील कोणास ते उलगडेना. तेव्हा परिसरातील अंत्वान रोसिन्यॉल नावाच्या एका तरुण गणितज्ञाकडे ते पाठविण्यात आले. त्याने ते वाचून दाखविले. गावातील दारूगोळा संपत आला आहे, असे त्यात लिहिले होते. सेनापतीने उलगडलेले पत्रच गावकऱ्यांकडे परत पाठविले, आणि गाव शरण आले. पुढे कार्डिनल रिशल्यूने ह्या तरुणास पदरी घेतले, आणि तो व त्याचा मुलगा बोनाव्हाँत्यूर हे राजाच्या गुप्तलेखनाचे प्रमुख झाले. फ्रेंच भाषेत ‘रोसिन्यॉल’ हे एका गोड गळ्याच्या पक्ष्याचे नाव आहे, आणि कुलूप उघडण्याच्या आकड्यासही तोच शब्द आहे. ह्या घराण्याच्या कौशल्यावरून तो अर्थ रूढ झाला असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु तो अर्थ त्यांच्याही पूर्वीचा आहे. दैवानेच केलेला हा श्लेष समजावा.

दुसऱ्याची कुलुपे फोडणारास स्वतःचे कुलूप कसे असावे हे चांगले कळते. तोवर सांकेतिक कोशांत शब्द वर्णानुक्रमाने मांडीत आणि त्यांचे अंकही चढत्या क्रमाने देत. एकदोन शब्द लागले की मधल्यांचा अदमास येई. रोसिन्यॉलने हा क्रम मोडला. शब्द कसेही, अंक कसेही. लिहिणाऱ्यासाठी एक कोष्टक, वाचणाऱ्यासाठी दुसरे. ह्या पितापुत्रांनी राजाच्या अत्यंत गुप्त पत्रव्यवहारासाठी जी पद्धती बांधली तिला ‘महासंकेत’ म्हणतात. तीत ५८७ निरनिराळे अंक येतात. कारभार राजाचा, शिक्का राजाचा, कागदही राजाचा. परंतु त्या कागदाचा अर्थ एका घराच्या कोष्टकांत बंद. पितापुत्र गेले, पद्धती वापरातून गेली, कोष्टके कोठे गेली ते कोणी पाहिले नाही. शत्रूपासून लपविलेली पत्रे आता खुद्द राज्यालाच वाचता येईनात. त्यानंतर सुमारे दोन शतके चौदाव्या लुईच्या युद्धांचा इतिहास लिहिणाऱ्यांना अंकांनी भरलेले ते कागद पाहावे लागले आणि बाजूस ठेवावे लागले.

१८९० च्या सुमारास व्हिक्तोर जाँद्राँ नावाचा एक सैनिकी इतिहासकार मार्शल कातिना ह्याच्या मोहिमांचा अभ्यास करीत होता. त्याला अशी काही पत्रे मिळाली आणि त्याने ती एत्येन बाझेरी ह्या लष्करी अधिकाऱ्याकडे सोपविली. बाझेरी संकेतविद्येत निष्णात होता. तरी ह्या कामास त्याला जवळजवळ तीन वर्षे लागली. प्रथम त्याने असे धरले की, एका अक्षरास अनेक अंक दिले असावेत. त्यात कित्येक महिने गेले आणि हाती काही लागले नाही. मग त्याने एकेक अंक म्हणजे अक्षरांची जोडी असे धरून पाहिले, तेही फसले. अखेर अंक म्हणजे शब्दांतील अवयव असावेत ह्या कल्पनेवर तो आला आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या अंकसमूहांचा माग घेऊ लागला. १२४-२२-१२५-४६-३४५ हा समूह त्याला वारंवार दिसला. सेनापतींच्या पत्रांत सर्वांत अधिक वेळा काय येणार? शत्रू! ‘लेझेनमी’, म्हणजे ‘शत्रुसैन्य’, हा फ्रेंच शब्द त्याने त्या पाच अंकांवर बसविला आणि तो बसला. तेथून एकेक अवयव सुटत गेला. रोसिन्यॉलने वाटेत खड्डेही खणून ठेवले होते: काही अंक निरर्थक, तर एक असा की त्याच्या मागील अंक रद्द समजावयाचा. परंतु पाया एकदा सापडला तो सापडलाच.

ह्या उलगड्यातून जुलै १६९१ चे एक पत्र बाहेर आले, आणि त्याने सामान्य वाचकांतही खळबळ उडविली. बुलोंद नावाच्या सेनापतीने कुनेओ ह्या इटालियन गावाचा वेढा शत्रूची कुमक येते असे ऐकताच घाईघाईने उठविला. जखमी सैनिक व दारूगोळा मागेच टाकला. राजा संतापला. बुलोंद ह्यास पिन्यरोलच्या किल्ल्यात ठेवावे, रात्री कोठडीत बंद करावे, दिवसा तटावर फिरू द्यावे, अशी आज्ञा त्या पत्रात आहे. आणि फिरताना त्याने जे धारण करावयाचे त्या जागी ३३० व ३०९ हे दोन अंक आहेत. हे अंक पत्रांत अन्यत्र न आल्यामुळे त्यांचा अर्थ पडताळून पाहता येत नव्हता. बाझेरीने पहिल्याचा अर्थ ‘मुखवटा’ असा केला आणि ज्याच्याविषयी युरोपभर दंतकथा पसरल्या होत्या तो लोखंडी मुखवट्याचा कैदी हाच, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ १८९३ साली दुसऱ्या एका लेखकाच्या साहाय्याने प्रसिद्ध केला. इतिहासकारांस ते मत सामान्यतः मान्य झालेले नाही. किल्ली हरवल्याचा हाही एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे: दार उघडले तरी काही कोपरे अंधारातच राहतात, आणि अंधारात माणसाला जे पाहावेसे वाटते तेच दिसते.

ह्याच सुमारास, १८८३ मध्ये, ऑग्युस्त केर्खोफ ह्या डच वंशाच्या पंडिताने लष्करी संकेतलेखनावर फ्रेंचमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्तता सारी किल्लीत असावी, हे त्याचे सूत्र आज सर्वत्र सांगितले जाते. त्याचे दुसरे एक सूत्र मात्र क्वचितच सांगितले जाते. किल्ली अशी असावी की कागदावर न लिहिता ती दुसऱ्यास सांगता यावी, लक्षात ठेवता यावी आणि वाटेल तेव्हा बदलता यावी. रणांगणावरील सैनिकासाठी हे शहाणपण निर्विवाद आहे. तथापि पन्नास वर्षांनी दप्तर उघडणारा जो कोणी असेल त्याचा विचार ह्या सूत्रात नाही. किल्लीचा कागद शत्रूच्या हाती पडण्याचे भय त्याने पाहिले. किल्ली जाणणारा माणूस मरतो, ही गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती.

ती गोष्ट हिशेबात धरणारे लोक आपल्याच भाषेत होऊन गेले आहेत. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले हे सर्वश्रुत आहे. सकळ लिपी ही त्यांतील प्रमुख. तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. सुंदरी, वज्र, अंक अशी आणखी नावे आहेत. सकळ लिपीची रचना फार गूढ नाही: देवनागरीतील एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह. बाझेरीसारख्याने ती दोन दिवसांत सोडविली असती. पण तिची खरी किल्ली कोष्टकात नव्हतीच, गुरुशिष्यपरंपरेत होती. ज्या दिवशी शिष्य पंथात येई त्या दिवसापासून ग्रंथाबरोबर लिपीही त्याच्या स्वाधीन होण्याचा मार्ग खुला होई. ह्या परंपरेने कागदाहून मोठे संकटही सोसले आहे. चक्रधरस्वामींच्या लीळांचा म्हाइंभटांनी सिद्ध केलेला संग्रह चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत नष्ट झाला, आणि ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला. पाठभेद झाले, पण ग्रंथ राहिला. पुढे हा पंथ उत्तरेकडे पंजाबात गेला, तेथे जयकृष्णी ह्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्याचे मठ काबूलपर्यंत पोचले. मराठी मुलुखापासून शेकडो कोस दूर, ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशांच्या हाती, मराठी ग्रंथ आणि त्यांच्या लिपीची किल्ली ही दोन्ही सुरक्षित राहिली. फ्रान्सच्या वैभवशाली राजसत्तेला जे दोन पिढ्यांपलीकडे साधले नाही ते ह्या निःसंग भिक्षूंना सहा शतके साधले. दूरच्या प्रांतांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसास ह्याचे अप्रूप वाटले तर नवल नाही.

अर्थात ह्या सुरक्षिततेची किंमत पंथाने भरली, आणि माझ्या मते ती फार मोठी होती. किल्ली आतल्यांपाशी राहिली, म्हणून बाहेरच्यांना ग्रंथ कळलेच नाहीत. जे कळत नाही त्याविषयी जग वाईटच कल्पना करते. ‘मानभावी’ हा शब्द मराठीत ढोंगी ह्या अर्थाने रुळला. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण घरोघर झाली. ज्ञानेश्वरीच्या आगेमागे लिहिले गेलेले, साध्या, जिवंत बोलीतील गद्य मराठी वाचकांस शतकानुशतके अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, विनायक लक्ष्मण भाव्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या दुसऱ्या आवृत्तीत ह्या वाङ्मयास स्थान दिले, यशवंत खुशाल देशपांडे, हरि नारायण नेने प्रभृतींनी पुढचे कष्ट उपसले. तेव्हा कोठे आपल्या गद्याचा आरंभ आपल्याला वाचता आला. येथेच एक गैरसमज दूर करतो. मोडी कागदपत्रांविषयी पुष्कळजण ‘ते तर सांकेतिकच’ असे म्हणतात. मोडी ही कोणाला वगळण्यासाठी केलेली लिपी नव्हे, ती भरभर लिहिण्याची लिपी होय. पेशवे दप्तराचे रुमाल वाचणारास मोडी शिकावी लागते. कोणाच्या मृत्यूने ती बंद पडत नाही.

आता आजच्या काळाकडे येऊ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९६० नंतरच्या दोनतीन वर्षांत अनेकांनी मिळून एकच संगणक वापरण्याची व्यवस्था झाली, तेव्हा प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून परवलीचे शब्द आले. ते शब्द यंत्रातच एका यादीत असत. १९६२ मध्ये एका विद्यार्थ्याने ती यादीच छापून घेतली, आणि १९६६ मध्ये एका चुकीमुळे ती येणाऱ्या प्रत्येकापुढे आपोआप झळकली! असा शब्द म्हणजे दारावरचा पहारेकरी. पहारेकरी झोपला, फितला किंवा बदलला तर आतला माल जसाचा तसा हाती येतो. ज्या कचेरीत संगणकाचा प्रशासक कोणाचाही शब्द बदलून देऊ शकतो, तेथे आजही हीच व्यवस्था आहे. म्हणून शब्द विसरल्याचे कोणास फारसे वाटत नाही. दूरध्वनी करावा आणि नवा घ्यावा.

कूटबद्ध फाईलचा प्रकार अगदी वेगळा, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळेच अनेकांची फसगत होते. तेथे पहारेकरी नसतो. परवलीच्या शब्दापासून एक मोठा अंक घडविला जातो आणि त्या अंकाने मजकूरच ढवळून टाकलेला असतो. शब्द यंत्रात कोठेही साठविलेला नसतो. म्हणून तो कोणी सांगू शकत नाही, खुद्द प्रणाली तयार करणारी कंपनीही नाही. अमेरिकन शासनाने २००१ साली स्वीकारलेली आणि आता जगभर रूढ झालेली जी पद्धती आहे, तिच्या सर्वांत लहान किल्लीच्याही शक्यता किती? ३४ वर ३७ शून्ये. एकेक करून पाहू म्हटले तर पृथ्वीवरचे सारे संगणक लावूनही ते होणार नाही. महासंकेतात ‘शत्रू’ हा शब्द पाच अंकांच्या रूपाने पुन्हापुन्हा डोकावत होता; ह्या पद्धतीत, ती नीट वापरली असता, एकच शब्द हजार वेळा आला तरी बाहेर त्याचा माग लागत नाही. बाझेरीला जी फट सापडली तीच गणितज्ञांनी बुजवून टाकली आहे. एकच फट उरली आहे, आणि ती यूपेदालांच्या सूचीची: माणसाने निवडलेला सोपा शब्द. तीही आता बुजत चालली. बिटलॉकर ही विंडोजमधील कुलूपव्यवस्था संकटकाळासाठी जी किल्ली देते ती ४८ अंकांची असते, आणि ती यंत्राने निवडलेली असते. तीत कोणाचे आडनाव उलटे लिहिलेले सापडणार नाही.

जानेवारी २०२१ मध्ये वृत्तपत्रांतून आलेली एक हकीगत पुष्कळांच्या स्मरणात असेल. सॅन फ्रान्सिस्कोतील एका प्रोग्रॅमरचे ७,००२ बिटकॉइन एका लहानशा कूटबद्ध उपकरणात अडकले होते. परवलीचा शब्द ज्या कागदावर लिहिला होता तो हरवला. दहा चुका झाल्या की उपकरण आतील मजकूर कायमचा बंद करणार होते. आठ होऊन गेल्या होत्या. तो मनुष्य संगणकविद्येत तज्ज्ञ होता हे विशेष.

आपल्याकडील सरकारी कारभाराला नावे ठेवण्याची चाल आहे, पण ह्या बाबतीत जुन्या कोषागारांचा कित्ता गिरविण्यासारखा होता. रोकड असलेल्या खोलीला दुहेरी कुलूप; एक किल्ली कोषागार अधिकाऱ्यापाशी, दुसरी खजिनदारापाशी; जादा किल्ल्या मोहोरबंद होऊन दुसरीकडे. बदली झाली की किल्ल्या मोजून द्यावयाच्या, घेणाऱ्याने सही करावयाची, आणि मगच चार्ज पुरा. अधिकारी रात्रीत वारला तरी सकाळी खजिना उघडे. त्याच कचेरीत आज एखादा साहाय्यक दहा वर्षांचे हिशेब परवलीच्या शब्दाखाली ठेवून निवृत्त होतो, आणि चार्जच्या कागदावर टेबल, खुर्ची व कपाटाच्या किल्ल्या ह्यांची नोंद असते, शब्दाची नसते. यूपेदालांच्या संग्रहाला निदान जगास हाक मारण्याची सोय होती.

किल्ली माणसाबरोबर जाते ही गोष्ट एकदा जगाच्या अंगवळणी पडली, की तिचा दुसराही उपयोग होऊ लागतो. कॅनडातील क्वाड्रिगा ह्या आभासी चलनाच्या पेढीचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूर शहरी आजारी पडून वारला. तो तिशीतला होता. लाखाहून अधिक खातेदारांची रक्कम ज्या कूटबद्ध तिजोऱ्यांत आहे त्यांचे परवलीचे शब्द एकट्या त्यालाच ठाऊक होते, असे पेढीने न्यायालयास कळविले. जगभर हळहळ व्यक्त झाली, आणि एकाच माणसाच्या डोक्यात किल्ली ठेवण्याच्या धोक्यावर लेखांमागून लेख आले. न्यायालयाने नेमलेल्या लेखापालांनी मात्र वेगळ्या वाटेने पाहिले. ह्या चलनाचे वैशिष्ट्य असे की, तिजोरी उघडता आली नाही तरी तीत किती शिल्लक आहे हे सार्वजनिक नोंदीत कोणासही दिसते. ओळख पटलेल्या सहा तिजोऱ्यांपैकी पाच एप्रिल २०१८ पासूनच रिकाम्या होत्या. जून २०२० मध्ये ओंटारिओ प्रांताच्या रोखे आयोगाने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: पैसे कुलपाआड अडकले नव्हते; संस्थापकाने ते आधीच व्यवहारांत घालविले होते.